गाडीतला वाटाड्या : जीपीएस नेव्हिगेटर घेताना आणि वापरताना



आजचा विषय तसा घरगुती आहे. गाडीच्या समोरच्या काचेला चिकटवायचं, हातात मावणारं ते छोटं यंत्र, म्हणजे पोर्टेबल जीपीएस नेव्हिगेटर. ते घ्यावं का, घेताना काय बघावं आणि घेतल्यावर कसं वापरावं, एवढंच आपल्याला बोलायचं आहे. पण सुरुवातीला एक जुना शब्द आठवू या : वाटाड्या. परक्या मुलुखात जायचं, डोंगर ओलांडायचा, तर माहितगार माणूस बरोबर घ्यायची आपल्याकडे पद्धत होती. शहाणी माणसं त्याला आधी विचारायची, ‘बाबा रे, या वाटेनं तू शेवटचा कधी गेला होतास?’ काचेवरच्या या वाटाड्यालाही हाच प्रश्न विचारायचा असतो. तो न विचारल्यामुळे काय झालं, ते आधी सांगतो.

काही वर्षांपूर्वी भर पावसाळ्यात आम्हाला महाडजवळच्या एका गावी आत्याच्या दहाव्याला जायचं होतं. नदीवरचा विधी सकाळी नऊचा. आम्ही चौघं पहाटे पुण्याहून निघालो. नवा कोरा नेव्हिगेटर काचेवर लावला होता. त्यानं भोरवरून वरंध घाटाचा रस्ता दाखवला, आम्ही निघालो. भोर मागे पडलं, पाऊस वाढला आणि बऱ्याच पुढे गेल्यावर रस्त्यात आडवे बॅरिकेड. बाजूच्या टपरीतल्या मावशी म्हणाल्या, “फुडं दरड पडतीया, घाट बंद हाय. पाटी भोरलाच लावलीया की, बघितली न्हाई व्हय?”

नव्हती बघितली. मागे वळलो, ताम्हिणीवरून महाडला पोचलो तेव्हा दुपारचा एक वाजून गेला होता. विधी उरकला होता. आत्याचा मुलगा रागावला नाही. ‘आलात ना, बसा,’ एवढंच म्हणाला. परतीच्या वाटेवर भोरमध्ये ती पाटी दिसली. चांगली मोठी, पांढऱ्यावर लाल अक्षरांत. सकाळी आम्ही तिच्यासमोरूनच गेलो होतो. चौघांचेही डोळे त्या पाच इंचांच्या पडद्यावर होते.

आमचं नुकसान तसं थोडक्यात भागलं. जानेवारी २०२१ मध्ये अकोले तालुक्यात कोतूळजवळ, रात्रीच्या अंधारात, पुण्याहून कळसूबाईकडे निघालेली एक गाडी धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या जुन्या पुलावर उतरली. दोघं बाहेर पडले, चालक बुडाला. नोव्हेंबर २०२४ मध्ये उत्तर प्रदेशात बरेलीजवळ रामगंगेवरच्या अर्धवट पुलावरून गाडी खाली कोसळली आणि तिघं गेले. पुलाचा पुढचा भाग आधीच्या पुरात वाहून गेला होता. दोन्ही वेळी मोबाइलवरच्या नकाशाच्या भरवशावर गाडी चालली होती, अशा बातम्या आल्या. यंत्र मोबाइल असो की नेव्हिगेटर, मुद्दा तोच आहे. तो समजून घ्यायला आपल्याला यंत्राच्या आत थोडं डोकवावं लागेल.

एका डबीत दोन यंत्रं

त्या डबीत खरं तर दोन वेगळी यंत्रं बसवलेली असतात. पहिलं सांगतं, ‘तुम्ही इथे आहात.’ दुसरं सांगतं, ‘इथून असे जा.’ पहिल्याला उपग्रह लागतात, दुसऱ्याला नकाशा. दोन्हींची विश्वासार्हता मात्र सारखी नाही. सगळा घोळ इथेच होतो.

पहिलं यंत्र बघू. अमेरिकेच्या जीपीएस व्यवस्थेचे उपग्रह पृथ्वीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून दिवसाला दोन फेऱ्या मारतात. व्यवस्थेला किमान २४ उपग्रह लागतात, प्रत्यक्षात त्याहून जास्त फिरत असतात. प्रत्येकात अणुघड्याळ आहे. उपग्रह सतत एवढंच ओरडत असतो : ‘मी अमुक आहे, आत्ता अमुक ठिकाणी आहे, आणि माझ्या घड्याळात इतके वाजलेत.’ हा संदेश प्रकाशाच्या वेगानं खाली यायलाही सेकंदाचा साधारण पंधरावा भाग लागतो. तुमचं यंत्र तो उशीर मोजतं आणि त्यावरून उपग्रहाचं अंतर काढतं. तीन उपग्रहांची अंतरं कळली की जागा ठरायला हवी. पण तुमच्या यंत्रातलं घड्याळ स्वस्तातलं असतं. त्यात सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूक झाली तरी अंतरात ३०० मीटरचा फरक पडतो. म्हणून चौथा उपग्रह लागतो. तो घड्याळाची चूक काढून देतो.

ही व्यवस्था सामान्य लोकांना एवढी उपयोगी पडायला लागली ती २००० सालापासून. तोवर अमेरिका नागरी वापराच्या संदेशात मुद्दाम चूक मिसळायची आणि शंभर-शंभर मीटरचा फरक पडायचा. शंभर मीटरमध्ये आपल्या शहरात तीन गल्ल्या येतात! मे २००० मध्ये ती चूक काढून टाकली. आज उघड्या आकाशाखाली साधं यंत्रही पाच-दहा मीटरच्या आत जागा सांगतं. त्याला ना सिमकार्ड लागतं, ना इंटरनेट.

तेव्हा हे पहिलं यंत्र सहसा फसवत नाही. फसलंच तर त्याची कारणं ठरलेली असतात. बोगद्यात संदेश पोचत नाही, मग यंत्र शेवटच्या वेगावरून अंदाजानं बाण पुढे सरकवतं. उंच इमारतींच्या गल्लीत किंवा अरुंद घाटात संदेश भिंतीवर, कड्यावर आपटून येतो आणि अंतर चुकतं. उड्डाणपूल आणि त्याखालचा रस्ता नकाशावर एकावर एक असतात, तेव्हा तुम्ही वर आहात की खाली, याचा त्याला पत्ता लागत नाही. आणि काचेवर धातूचा अंश असलेली फिल्म असेल तर संदेश आतच येत नाही.

आता दुसरं यंत्र, नकाशा. तो आकाशातून येत नाही. कुणीतरी रस्त्यावर गाडी फिरवून, हवाई चित्रांवरून, कागदपत्रांवरून तो तयार केलेला असतो. म्हणजे नकाशा ही कुणाची तरी आठवण आहे, आणि आठवणीला तारीख असते. १९८५ मध्ये अमेरिकेत ईटॅक नावाच्या कंपनीनं गाडीत बसवायचा नेव्हिगेटर विकायला काढला. उपग्रहांचा त्याच्याशी काही संबंध नव्हता. चाकं किती फिरली आणि होकायंत्र कुठे वळलं यावरून तो जागा ओळखायचा, आणि नकाशे चक्क कॅसेटवर यायचे. शहराची हद्द ओलांडली की कॅसेट बदला! आज कॅसेटच्या जागी चिप आली, पण नकाशा जुना होतो ही गोष्ट बदललेली नाही.

आपल्याच महाराष्ट्रात बघा. समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाला आणि इगतपुरी ते आमणे हा शेवटचा जून २०२५ मध्ये. २०२१ चा नकाशा असलेलं यंत्र घेऊन तुम्ही त्या रस्त्यावर गेलात, तर पडद्यावर तुमची गाडी शेतातून पळताना दिसेल आणि आतली बाई दर मिनिटाला ‘मागे वळा’ म्हणत राहील. तिथे मागे वळायचं म्हणजे जिवाशी खेळ. उपग्रहानं तुमची जागा अगदी अचूक सांगितलेली असते. आठवण तेवढी जुनी असते.

नावांचंही तेच. राष्ट्रीय महामार्गांचे क्रमांक २०१० मध्ये बदलले. मुंबई-गोवा महामार्ग १७ चा ६६ झाला. औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं, उस्मानाबादचं धाराशिव, अहमदनगरचं अहिल्यानगर. जुन्या यंत्रात नवं नाव टाकलं की ‘सापडत नाही’, आणि नव्या यंत्रात जुनं टाकलं तर कधी सापडतं, कधी नाही. रस्त्यावर पाटी एक, पडद्यावर नाव दुसरं. चालक गोंधळतो तो नेमका फाट्यावर.

तेव्हा आजच्या बोलण्यातलं एकच वाक्य घरी न्यायचं असेल तर ते हे : तुम्ही कुठे आहात ते यंत्राला आत्ताचं ठाऊक असतं. पुढे काय आहे, ते मात्र त्याला जुनं ठाऊक असतं.

मोबाइल असताना हे घ्यायचं कशाला?

प्रश्न रास्त आहे. शहरात रोज फिरणाऱ्याला मोबाइल पुरतो. उलट, पुढची वाहतूक कोंडी त्याला लवकर कळते. पण सह्याद्रीच्या घाटात, मेळघाटात, कोकणातल्या आडरस्त्यांवर रेंज जाते आणि आधी उतरवून ठेवलेला नकाशा नसेल तर मोबाइलचा पडदा कोरा होतो. नेव्हिगेटरमध्ये सगळा नकाशा आत असतो. शिवाय फोन आला की वाट दाखवायचं थांबलं, उन्हात फोन तापून बंद पडला, बॅटरी संपली, असले प्रकार होत नाहीत. वारंवार लांब जाणारे, भाड्याची गाडी चालवणारे, रेंज नसलेल्या भागात काम असणारे यांनी वेगळं यंत्र घ्यावं. वर्षातून दोनदा गावी जाणाऱ्यांनी तोच प्रवास मोबाइलवर ऑफलाइन नकाशा उतरवून करावा, पैसे वाचतील.

घेताना काय विचारायचं?

दुकानात गेलो की विक्रेता आधी पडदा दाखवतो. आपण आधी नकाशा विचारायचा. नकाशा कोणत्या कंपनीचा, कोणत्या महिन्याचा, वर्षातून किती वेळा नवा मिळतो, आणि तो फुकट की पैसे भरून? खोक्यावर ‘लाइफटाइम मॅप्स’ लिहिलेलं असतं. तिथे लाइफटाइम म्हणजे तुमचं आयुष्य नव्हे. कंपनी जोवर त्या मॉडेलला नकाशे देते तोवर, असा त्याचा अर्थ असतो. म्हणून कमी किमतीत मिळतंय म्हणून तीन-चार वर्षांपूर्वीचं मॉडेल घेतलं, तर त्याचं ‘आयुष्य’ बरंच सरलेलं असू शकतं. आणि बिननावाचं, ‘सगळ्या जगाचे नकाशे भरून दिलेत’ असं सांगणारं यंत्र तर नकोच. असले नकाशे बहुधा चोरून भरलेले असतात आणि पुढे कधीही नवे होत नाहीत. आमचा तो दहाव्याचा वाटाड्या याच जातीचा होता.

मग दुकानाच्या दारात, आकाशाखाली ते लावून बघा. आपल्या गावाचं नाव टाका. मोठ्या शहराचं नव्हे, गावाचं. वाडीपर्यंत रस्ता दाखवतं का? गेल्या दोन-तीन वर्षांत झालेला, तुम्हाला पक्का माहीत असलेला एखादा पूल किंवा बायपास शोधा. नकाशा किती ताजा आहे हे त्या एका परीक्षेत कळतं. कोरं यंत्र पहिल्यांदा जागा शोधायला काही मिनिटं घेतं. सगळ्या उपग्रहांचं वेळापत्रक पूर्ण मिळायलाच साडेबारा मिनिटं लागतात, त्यामुळे तेवढ्यावरून त्याला नावं ठेवू नका. जीपीएसबरोबर रशियाची ग्लोनास, युरोपची गॅलिलिओ किंवा आपली नाविक या व्यवस्थांचे उपग्रहही वाचता येत असतील तर उत्तम. घाटात आकाश चिंचोळं असतं, तिथे जितके जास्त उपग्रह तितकं बरं.

पडदा पाच इंचांचा असला तरी चालतो, पण भर उन्हात वाचता आला पाहिजे. बॅटरीच्या भरवशावर राहू नका. ती बहुतेक यंत्रांत तास-दोन तासांची असते, म्हणून गाडीतला चार्जर खोक्यात आहे का ते बघा. आवाज मराठीत किंवा निदान हिंदीत आहे का, आणि तो रस्त्याचं नाव घेतो की नुसतं ‘डावीकडे वळा’ म्हणतो, तेही ऐका. नाव घेणारा आवाज असला की पडद्याकडे बघावं लागत नाही.

वापरताना

यंत्र समोरच्या काचेच्या खालच्या कोपऱ्यात किंवा डॅशबोर्डवर बसवायचं, रस्ता झाकायचा नाही आणि एअरबॅग उघडते तिथे तर मुळीच नाही. काच आणि रबरी कप ओल्या फडक्यानं पुसून, कोरडे करून मग दाबा, म्हणजे घाटात वळणावर ते मांडीवर पडणार नाही. गाडी उन्हात लावताना यंत्र काढून घ्या. उष्णतेनं बॅटरी फुगते, आणि चोरालाही आमंत्रण नको.

पत्ता टाकायचा तो गाडी उभी असताना. चालत्या गाडीत टाकायचाच असेल तर शेजारच्यानं टाकावा. हिशोब करून बघा. ताशी ६० किलोमीटर वेगात गाडी सेकंदाला जवळजवळ १७ मीटर जाते. दोन सेकंद पडद्यावर नजर म्हणजे ३३ मीटर आंधळा प्रवास. १ ऑक्टोबर २०२० पासून लागू झालेल्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनी हातातलं उपकरण फक्त वाट बघण्यासाठी वापरायला परवानगी दिली आहे, तीही चालकाचं लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीनं.

पत्ता टाकताना आपल्याकडची गंमत लक्षात ठेवा : बुद्रुक आणि खुर्द. एकाच नावाची दोन गावं, एक मोठं, एक लहान, कधी नदीच्या अलीकडे-पलीकडे. शिवाय वडगाव, पिंपळगाव ही नावं तर प्रत्येक जिल्ह्यात. त्यात इंग्रजी अक्षरांत लिहायचं तर ‘व’ला व्ही लावायचा की डब्ल्यू? म्हणून नुसतं गाव निवडू नका, तालुका आणि जिल्हा बघून निवडा. हे फक्त आपल्याकडेच होतं असं नाही. २००९ मध्ये एक स्वीडिश जोडपं इटलीतल्या काप्री बेटावर जायला निघालं आणि नावातली अक्षरं उलटसुलट झाल्यामुळे कार्पी नावाच्या शहरात पोचलं. बेटावर जायला समुद्र लागतो, हे दोघांपैकी कुणाच्याच ध्यानात आलं नाही! अक्षांश-रेखांश टाकत असाल तर अंश-मिनिटं की दशांश, ते तपासा. १८ अंश ३० मिनिटं म्हणजे १८.५, १८.३० नव्हे. या एका चुकीत २२ किलोमीटरचा फरक पडतो.

सेटिंगमध्ये ‘सर्वात जवळचा’ आणि ‘सर्वात लवकरचा’ असे दोन पर्याय असतात. ‘जवळचा’ कधी ठेवू नका. चार किलोमीटर वाचवायला तो तुम्हाला बांधावरून नेईल. ‘कच्चे रस्ते टाळा’ हा पर्याय चालू ठेवा. मग निघण्याआधी पूर्ण मार्ग एकदा पडद्यावर उघडून बघा : कुठून जातोय, कोणता घाट लागतो, नदी कुठे ओलांडतो. पावसाळा असेल तर त्या घाटाची आदल्या दिवशी चौकशी करा. दरडींच्या भीतीनं वरंधसारखे घाट पावसाळ्यात अनेकदा बंद ठेवतात, आणि ही बंदी जुन्या नकाशात येत नाही. वाटेतली तीन-चार गावांची नावं कागदावर लिहून ठेवली तरी पुरे. त्यातलं एखादं गाव आलं नाही की आपण चुकलो, हे यंत्राआधी आपल्याला कळतं.

आणि रस्त्यावर असताना? पाटी आणि पडदा यांत भांडण झालं तर पाटीचं ऐकायचं. पाटी इथल्या माणसानं, इथला रस्ता बघून लावलेली असते. रात्री रस्ता अरुंद होत गेला, समोर पाणी दिसलं, बराच वेळ एकही गाडी भेटली नाही, तर थांबायचं. पाण्याखालचा रस्ता यंत्राला कोरडाच दिसतो. काच खाली करून माणसाला विचारायचं, माणूस नसेल तर मागे फिरायचं. ‘मार्ग पुन्हा शोधत आहे’ असं यंत्र कितीही वेळा म्हणो, त्याला कंटाळा येत नाही. त्याचा राग मानायचं कारण नाही.

श्रोत्यांचे प्रश्न

*मुलगा अमेरिकेतून यंत्र पाठवतो म्हणतोय. चालेल का?*

उपग्रह सगळ्या जगाला सारखेच आहेत, त्यामुळे जागा बरोबर दिसेल. पण तिथल्या यंत्रात बहुधा उत्तर अमेरिकेचाच नकाशा असतो. त्या मॉडेलला भारताचा नकाशा विकत मिळतो का, हे आधी विचारा. नाही तर कोऱ्या कागदावर बाण फिरताना बघत बसाल.

*माझ्याकडे बारा वर्षांपूर्वीचा नेव्हिगेटर पडून आहे. टाकून देऊ?*

आधी सुरू करून तारीख बघा. जीपीएसच्या संदेशात आठवडे मोजायचा आकडा १०२४ झाले की पुन्हा शून्यावर येतो. तसं ६ एप्रिल २०१९ ला झालं आणि दुरुस्ती न केलेली काही जुनी यंत्रं तेव्हापासून चुकीची तारीख दाखवतात. तारीख बरोबर असेल आणि नकाशा नवा मिळत असेल तर खुशाल वापरा. देऊन टाकणार असाल तर आतले पत्ते पुसून द्या. आणि ‘घर’ म्हणून कधीच स्वतःचं दार नोंदवू नका, जवळचा चौक नोंदवा. गाडीतून यंत्र चोरीला गेलं तर चोराला घराचा पत्ता आयता मिळायला नको.

*उपग्रह आपल्यावर लक्ष ठेवतो का?*

नाही. उपग्रह बोलतो, आपलं यंत्र फक्त ऐकतं. त्याला तुमचा पत्ता नाही. पण यंत्र मोबाइलला किंवा इंटरनेटला जोडलेलं असेल तर ते कंपनीला काय कळवतं, ही वेगळी गोष्ट. ती सेटिंगमध्ये जाऊन बघावी.

शेवटचं सांगतो आणि थांबतो. आमच्याकडे आता चांगला, नकाशा ताजा असलेला नेव्हिगेटर आहे आणि आम्ही तो आवडीनं वापरतो. गेल्या वर्षी पावसात त्याच गावी वर्षश्राद्धाला गेलो. मार्ग आदल्या रात्री बघितला, घाटाची चौकशी केली, थेट ताम्हिणीचा रस्ता धरला आणि सकाळी आठला पोचलो. गाडीत एक नवा नियम झाला आहे : चालवणारा रस्ता बघतो, शेजारचा पडदा बघतो, आणि मागे बसलेले पाट्या वाचतात. मोठ्यानं.